गेटवरची केशरी पाटी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या महिन्यात लॅबमधल्या सुरक्षेवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेक प्रश्न ठाणे-नवी मुंबईतलेच आहेत आणि ते साहजिकच आहे, ऐरोली ते तुर्भे रेल्वे रुळाच्या एका बाजूला आपण राहतो आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. मी स्वतः मायक्रोबायोलॉजीवाली, बरीच वर्षं याच पट्ट्यातल्या एका कंपनीत काढली, तिथल्या बायोसेफ्टी कमिटीची मेंबर सेक्रेटरी होते, त्यामुळे सांगतेय ते फाइली हाताळून सांगतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

घणसोलीहून एका सोसायटीचे सेक्रेटरी लिहितात: मॅडम, रुळापलीकडे एमआयडीसीत एक कंपनी आहे, तिच्या गेटच्या आत एका दारावर ते तीन कोयत्यांसारखं चिन्ह असलेली केशरी पाटी लावलीय. आमच्या एका मेंबरने मॉर्निंग वॉकला जाताना फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून रोज रात्री तेच, इथे व्हायरस बनवतात, पुढचा कोरोना इथूनच येणार, फ्लॅटचे भाव पडणार. माझा प्रश्न साधा आहे, याला परवानगी कोण देतं आणि आम्ही विचारायचं कुणाला? दिल्लीला पत्र पाठवू का?

सेक्रेटरी साहेब, आधी पाटीचं बोलू. ते चिन्ह १९६६ साली अमेरिकेत डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं, आणि मुद्दाम असं काढलं की बघितल्यावर दुसऱ्या कशाची आठवण येऊ नये पण एकदा पाहिलं की डोक्यातून जाऊ नये. तुमच्या स्टेशनबाहेरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावून बघा, पिवळ्या पिशवीवर तेच असतं. अर्थ एवढाच की आत जंतू किंवा नमुने हाताळतात, न शिकता आत शिरू नका. त्याखाली बीएसएल, म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल, आणि पुढे एक आकडा असतो तो बघायला सांगा तुमच्या मेंबरला. एक म्हणजे कॉलेजात चालतं तसलं निरुपद्रवी काम, दोन म्हणजे साधारण आपली पॅथ लॅब, तीन म्हणजे टीबीचे जंतू वाढवण्यासारखं काम, तिथे खोलीतली हवा बाहेर येऊ देत नाहीत, सतत आत ओढून फिल्टरमधूनच सोडतात, आणि चार म्हणजे तो अंतराळवीरासारखा सूट, तसली लॅब पुण्यात पाषाणला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, २०१२ मध्ये सुरू झाली. एमआयडीसीत जिथे पाटी दिसते तिथे बहुधा दोनचा आकडा निघेल.

आता परवानगी. आपल्याकडे याचे नियम ५ डिसेंबर १९८९ चे आहेत, भोपाळची गॅस दुर्घटना झाल्यावर १९८६ साली जो पर्यावरण संरक्षण कायदा आला त्याच्याखाली काढलेले. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकं बदललेले जीव बनवणं, वापरणं, आणणं, पाठवणं, साठवणं हे सगळं त्यात येतं. या नियमांनी उतरंड लावून दिलीय. सगळ्यात खाली कंपनीची किंवा कॉलेजची स्वतःची कमिटी, इन्स्टिट्यूशनल बायोसेफ्टी कमिटी, आम्ही नुसतं आयबीएससी म्हणतो. त्यात त्या संस्थेचे लोक असतात पण एक बाहेरचा एक्स्पर्ट, एक डॉक्टर आणि एक माणूस दिल्लीच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने म्हणजे डीबीटीने नेमलेला असावाच लागतो. त्याच्या वर डीबीटीमधलीच आरसीजीएम, म्हणजे जनुकीय बदलांच्या संशोधनावर नजर ठेवणारी कमिटी, तीन आणि चार नंबरच्या लॅबना सर्टिफिकेटही तीच देते. आणि ती गोष्ट लॅबमधून बाहेर शेतात किंवा मोठ्या कारखान्यात जायची असेल तर पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी, मूळ नाव जेनेटिक इंजिनिअरिंग अप्रूव्हल कमिटी. बीटी कापसाला २००२ मध्ये हो म्हणणारी तीच, बीटी वांग्याच्या वेळी २०१० साली मंत्र्यांनी ब्रेक लावला तेव्हा तिचं नावही बदललं, अप्रूव्हलचं अप्रेझल झालं, म्हणजे मंजुरी देणारीची मूल्यमापन करणारी झाली.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीय. त्याच १९८९ च्या नियमांत राज्य पातळीवर एक आणि जिल्हा पातळीवर एक अशा कमिट्या सांगितल्यात, आणि जिल्ह्याच्या कमिटीचे अध्यक्ष असतात कलेक्टर. फॅक्टरी इन्स्पेक्टर, प्रदूषण मंडळाचा माणूस, जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी, महापालिकेचे आयुक्त हे सगळे त्यात बसतात. त्यांचं काम काय, तर असली कामं चालतात त्या जागा जाऊन बघायच्या, कुठे काय धोका आहे त्याचा तक्ता करायचा आणि काही बाहेर सांडलं-उडालं तर आजूबाजूच्या वस्तीचं काय करायचं याचा प्लॅन तयार ठेवायचा. कंपनीच्या आतल्या आणीबाणीचा प्लॅन आयबीएससी करते आणि त्याची कॉपी या जिल्हा कमिटीकडे जायला हवी. म्हणून दिल्ली राहू द्या, घणसोली ठाणे जिल्ह्यात येते, तुम्ही ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. खारघर-तळोज्याच्या वाचकांनी मात्र लक्षात ठेवा, पत्ता नवी मुंबईचा असला तरी जिल्हा रायगड, तुमचा अर्ज अलिबागला. विचारा की ही जिल्हास्तरीय समिती स्थापन झालीय का, शेवटची मीटिंग कधी झाली, आमच्या भागातल्या कुठल्या जागा त्यांनी पाहिल्या आणि वस्तीसाठीचा प्लॅन आहे का. अर्जात आरोप करू नका, व्हायरस बनवतात वगैरे तर अजिबात नको. प्रश्न नेमका असला की फाइल हलते.

दुसरं, कंपनीलाच एक साधं पत्र द्या. आयबीएससी नोंदलेली आहे का, कुठल्या लेव्हलचं काम आहे, सांडपाणी सोडायच्या आधी जंतू मारण्याची सोय काय आहे. चांगली कंपनी उत्तर देते. आम्हाला एकदा असं पत्र आलं होतं, मी सोसायटीच्या चार जणांना बोलावून काचेबाहेरून सगळं दाखवलं होतं, त्यानंतर दिवाळीला ते लोक फराळ घेऊन आले.

उगाच धीर देत नाही हं. २०१९ मध्ये चीनच्या लांझोऊ शहरात जनावरांसाठी ब्रुसेला नावाच्या जंतूवरची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, बाहेर सोडलेल्या हवेत जिवंत जंतू राहिले, वारा वस्तीकडे होता आणि दहा हजारांवर माणसांना लागण झाली. युद्धाचं शस्त्र नव्हतं, कट नव्हता, जंतुनाशकाच्या ड्रमवरची तारीख कुणी वाचली नाही. म्हणून विचारायचं ते हे विचारा. आणि रात्री दोन वाजता जो उग्र वास येतो त्याचा या पाटीशी काही संबंध नाही, तो केमिकलचा, त्याची तक्रार प्रदूषण मंडळाकडे वेगळी करा, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून.

कोपरखैरण्याहून एमएस्सीची एक विद्यार्थिनी: ताई, माझा प्रोजेक्ट एकदम साधा आहे, ई. कोलाय के-१२ या लॅबमधल्या निरुपद्रवी जंतूमध्ये जेलीफिशचा चमकणारा जीन टाकायचा, हजारो कॉलेजांत करतात. पण सर म्हणतात आधी कमिटीला कळवायचं, फॉर्म भर, आणि यात माझा महिना गेला. हे सगळं फक्त पेपरवर्क आहे ना?

तुझा वैताग समजतो मला, डेडलाइन असते. पण आधी चेक कर की सरांनी तुला कुठला फॉर्म दिलाय. डीबीटीची २०१७ ची जी गाइडलाइन आहे त्यात कामाच्या तीन कॅटेगरी आहेत. पहिलीत कमिटीला नुसतं कळवायचं आणि सुरू करायचं, दुसरीत कमिटीची परवानगी आल्यावरच हात लावायचा, तिसरीत कमिटीने आरसीजीएमकडे पाठवायचं आणि दिल्लीहून हो आलं तरच. के-१२ आणि चमकणारा जीन हे सहसा पहिल्या कॅटेगरीत बसतं, म्हणजे तुला परवानगीची वाट बघत बसायची गरजच नसेल, कळवलंस की झालं. महिना बहुतेक चुकीच्या फॉर्ममुळे गेलाय, सरांशी एकदा बोल.

पेपरवर्क मात्र म्हणू नकोस, आणि का ते सांगते. आमच्याकडे एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, होता, रोज संध्याकाळी कल्चरच्या म्हणजे वाढवलेल्या जंतूंच्या प्लेटांच्या पिशव्या त्यात जायच्या, १२१ डिग्री, पंधरा पौंड प्रेशर. पिशवीवर ती पट्टेवाली टेप लावायची, बाहेर काढल्यावर तिच्यावर काळे पट्टे उमटले की झालं निर्जंतुक असं सगळे धरून चालायचे, मी पण. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्या एक्स्पर्ट बाईंनी विचारलं, स्पोअर स्ट्रिप कधी लावता? ही कागदाची छोटीशी पट्टी असते, तिच्यावर एका जंतूचे बीजाणू सुकवून ठेवलेले असतात, उष्णतेला महाचिवट. ती पिशवीच्या अगदी मधोमध ठेवायची, सायकल झाल्यावर काढून जांभळ्या मीडियात, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, टाकायची आणि उबवायला ठेवायची, बीजाणू मेले असतील तर जांभळं राहतं, एक जरी जगला तर पिवळं होतं. आम्ही लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला तर ट्यूब पिवळी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. टेपवर पट्टे काळेकुट्ट, आणि मधले जंतू जिवंत. कारण काय तर पिशव्या ठासून भरून तोंड घट्ट बांधायचे, वाफ आत शिरायचीच नाही, टेप फक्त एवढंच सांगत होती की बाहेरून गरम झालं. किती महिने आम्ही असा कचरा बाहेर पाठवला होता कुणास ठाऊक. त्या दिवसापासून पिशवी अर्धीच भरायची, तोंड सैल ठेवायचं आणि दर आठवड्याला स्ट्रिप, तिचा निकाल रजिस्टरात तारखेसकट.

ती कमिटी वर्षातून निदान दोनदा बसते आणि वर्षाचा रिपोर्ट दिल्लीला जातो. तो रिपोर्ट वाचणाऱ्याला तुझी लॅब दिसत नाही ना, त्याला रजिस्टर दिसतं. तेव्हा तुझा फॉर्म नीट भर, आणि प्लेटा टाकताना पिशवी अर्धी भर.

घोडबंदर रोडहून एक ज्येष्ठ वाचक: २०२१ च्या जानेवारीत आमच्या इथे बगळे पटापटा मरून पडले होते. पालिकेचे लोक सूट घालून आले, नमुने नेले आणि म्हणाले भोपाळला पाठवतो. इतकी मोठी संस्था पुण्यात असताना भोपाळला कशाला? तोपर्यंत आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?

काका, ती पुण्याची एनआयव्ही माणसांच्या विषाणूंची. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, ती आयसीएमआरची, म्हणजे आरोग्य खात्याची. पक्ष्या-जनावरांच्या असल्या रोगांची हाय सिक्युरिटी लॅब भोपाळला, ती आयसीएआरची, म्हणजे शेतीवाल्यांची. बर्ड फ्लूवर देशाची शेवटची मोहोर तिथेच उमटते आणि जागतिक पशुआरोग्य संघटनाही तिला रेफरन्स लॅब मानते. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही निदान भोपाळचंच. हा विषाणू ज्याच्या त्याच्या लॅबमध्ये उघडू नये म्हणून अशी एकच जागा ठेवतात, आणि मला ते पटतं. नमुनासुद्धा तीन डब्यांत जातो, आतली कुपी गळली तर दुसरा डबा धरतो, त्यात शोषून घेणारा कापूस, बाहेर टणक खोका आणि बर्फ.

तोपर्यंत बसायचं असंही नसतं. मेलेल्या पक्ष्याला हात न लावणं, पालिकेला किंवा पशुसंवर्धनवाल्यांना फोन, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवणं हे लगेच. आणि पोल्ट्री असेल तर रिपोर्ट आल्या आल्या कलेक्टर ऑर्डर काढतात, एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत हे झालं, एका फार्मवर शंभरएक कोंबड्या मेल्या आणि आजूबाजूचे पंचवीस हजारांच्या आसपास पक्षी मारायचं ठरलं. ज्याच्या खुराड्यात एकही आजारी नाही त्याच्याही कोंबड्या जातात, त्या बाईमाणसाचं वर्षभराचं उत्पन्न असतं हो ते. भरपाई मिळते, पण ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणून लवकर कळवणाऱ्याचाच त्यात फायदा असतो, हे गावागावात सांगितलं पाहिजे.

माणसांची संस्था वेगळी आणि पक्ष्यांची वेगळी हे दुखणं मात्र खरं आहे, कारण विषाणू तर दोघांकडे येतो-जातो. म्हणूनच नागपूरला वन हेल्थची राष्ट्रीय संस्था उभी करायचं ठरलं, तिची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

नेरुळहून एक गृहिणी: मुलगी परदेशातून येतेय, येताना तिथल्या गुलाबाची कलमं आणि बिया आणते म्हणतेय. चालेल का?

नको. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आपल्याकडचं इम्पोर्ट परमिट आणि तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट दोन्ही लागतं, मातीसकट रोप तर विसराच. सुटकेसमधून आलेली एक कीड उद्या वाशी मार्केटला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर पोचू शकते. तिला म्हणावं फोटो काढून आण, गुलाब आपल्याकडे भरपूर आहेत.

कळव्याहून एक शिक्षक: बातम्यांत वाचतो की शास्त्रज्ञ मुद्दाम विषाणू जास्त घातक करून बघतात. अमेरिकेत यावर एक नॅशनल बोर्ड आहे म्हणे. आपल्याकडे असं काही आहे का? विद्यार्थी विचारतात, मला उत्तर देता येत नाही.

सर, हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, जरा सविस्तर सांगते. तो बोर्ड म्हणजे एनएसएबीबी, नॅशनल सायन्स ॲडव्हायजरी बोर्ड फॉर बायोसिक्युरिटी, २००४ साली नेमला. त्याचं काम सल्ला देण्याचं, बंदी घालण्याचे अधिकार त्याला नाहीत. त्याची खरी परीक्षा २०११ च्या शेवटी झाली. हॉलंडमध्ये रॉन फूशिए आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला योशिहिरो कावाओका, या दोघांनी एच५एन१ म्हणजे तोच बर्ड फ्लू असा बदलला की तो फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांमध्ये हवेतून पसरायला लागला. बोर्ड म्हणाला, निष्कर्ष छापा, पण कसं केलं ते छापू नका. मोठा वाद झाला, शास्त्रज्ञांनी आपणहून काम थांबवलं, ते वर्षभर थांबलं, पण मधे मार्च २०१२ मध्ये बोर्डाने सुधारलेले पेपर बघून मत बदललं आणि दोन्ही पेपर त्याच वर्षी छापून आले. मुलांना हे जरूर सांगा की हॉलंड सरकारने फूशिएंना पेपर पाठवायलासुद्धा एक्स्पोर्ट लायसन्स घ्यायला लावलं, म्हणजे ज्ञान हाही निर्यातीचा माल ठरला.

त्यानंतर २०१४ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी लॅबमध्ये अँथ्रॅक्सचे जंतू पुरते मारले नसताना पुढच्या टेबलावर गेले, आणि एका जुन्या कोल्ड रूममध्ये खोक्यात देवी या रोगाच्या विषाणूच्या कुप्या सापडल्या ज्या कुणाच्या यादीतच नव्हत्या. देवीचा विषाणू जगात फक्त दोन ठिकाणी ठेवायचा असं ठरलेलं असताना ही तिसरी जागा निघाली! मग फ्लू, सार्स, मर्सवरच्या असल्या प्रयोगांचा पैसा रोखला, तो २०१७ मध्ये परत सुरू केला, २०२४ मध्ये नवी पॉलिसी आली, ती ६ मे २०२५ पासून लागायची होती आणि आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी ती बदलून नवी आणा म्हणून ऑर्डर काढली. म्हणजे तिथेही घडी बसलेली नाही.

आपल्याकडे एकाच दारावर हे सगळं नाही. लॅबमधला प्रयोग डीबीटीच्या आरसीजीएमकडे, जास्त धोक्याच्या गटातले जंतू असतील तर तिची आधी परवानगी. परदेशी पाठवायचे जंतू, विषं आणि त्यांचं तंत्रज्ञान परकीय व्यापार महासंचालनालयाच्या स्कोमेट नावाच्या, निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत. जैविक अस्त्रं बनवणं, बाळगणं हा २००५ च्या कायद्याने गुन्हा, आणि त्या अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार आपण १९७४ सालीच पक्का केलाय. संरक्षणाच्या बाजूने ग्वाल्हेरची डीआरडीओची म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची लॅब, साथींवर नजर ठेवायला दिल्लीची एनसीडीसी म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, जैविक आपत्तीच्या गाइडलाइन एनडीएमएच्या म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या, त्या २००८ च्या. सहा-सात मंत्रालयं झाली बघा. एकत्र आणायचा प्रयत्न झाला होता, २०१३ मध्ये शेतीच्या जैवसुरक्षेचं एक बिल आणि बायोटेक्नॉलॉजीच्या नियमनासाठी स्वतंत्र ऑथॉरिटीचं दुसरं बिल लोकसभेत मांडलं, दोन्ही त्या लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळली.

माझं मत विचाराल तर मला एक गोष्ट मनापासून खटकते. संशोधनाला पैसा देणारं खातं आणि त्या संशोधनावर लक्ष ठेवणारी कमिटी एकाच छपराखाली आहे, डीबीटीच्या. तिथली माणसं प्रामाणिक आहेत, मी त्यांच्यासमोर बसलेय, एकेक ओळ वाचून प्रश्न विचारतात. पण पैसा देणारा आणि तपासणारा वेगळा हवा, बँकेत मॅनेजर आणि ऑडिटर वेगळे असतात तसा. अमेरिकेचा तो बोर्डही तिथल्या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, एनआयएचच्याच ऑफिसातून चालतो, तेव्हा नक्कल करायची तर ती चूक सोडून करायला हवी.

महापेहून एक लॅब टेक्निशियन, नाव-गाव छापू नका अशी विनंती करून: ताई, दोन महिन्यांपूर्वी कल्चर काढताना सुई बोटात गेली. सुपरवायझर म्हणाले डेटॉल लाव, रजिस्टरात लिहू नको, ऑडिट जवळ आलंय, लिहिलंस तर तुझ्यावरच येईल. मला काही झालेलं नाही पण झोप लागत नाही. आता बोलून उपयोग आहे का?

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उपयोग आहे, आणि चूक तुझी नाही.

एक जुनी गोष्ट सांगते, आपल्या परळची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या लॅबमधून ती देशभर जायला लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. ५३-एन हा त्या बाटलीचा नंबर. चौकशी कमिशन बसलं, त्याने ठपका परळच्या लॅबवर ठेवला, हाफकिनना पद सोडावं लागलं. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हे पटायला आणि हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, तेही मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉससारखे लोक त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले तेव्हा. पाच वर्षं! चिमटा पडला ही एक ओळ त्याच दिवशी कुठेतरी लिहिली गेली असती आणि चौकशीने तिला वजन दिलं असतं तर? आणि बाटलीवर नंबर नसता तर हेही कधी कळलं नसतं की १९ जण एकाच बाटलीचे.

मुलकोवालचा मदतनीस घाबरला असेल, तुझ्यासारखाच. पण न लिहिल्याने तुझं संरक्षण होत नाही, सुपरवायझरचं होतं. उद्या तुला ताप आला तर डॉक्टरला कळायला नको का की सुईवर कुठला जंतू होता?

आता काय कर ते नीट वाच. आजच्या तारखेने एक अर्ज लिही, घटना घडलेली तारीख, वेळ साधारण, कुठलं कल्चर, कुठल्या हाताचं कुठलं बोट, त्या वेळी कोण होतं, काय लावलं आणि कुणी काय सांगितलं. आयबीएससीच्या अध्यक्षांना आणि कमिटीतल्या डॉक्टरांना ईमेल कर, सुपरवायझरला नुसतं कॉपीत ठेव. १९८९ च्या नियमांप्रमाणे अपघात झाला तर ताबडतोब वर कळवायची जबाबदारी त्या जागेच्या प्रमुखाची आहे, टेक्निशियनची नाही, आणि बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांत अपघाताचा वेगळा फॉर्मच आहे. त्याच नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, आणि वर्षातून एकदा तपासणी द्यायची आहे, ती तुला मिळालीय का तेही अर्जात विचार.

मग फॅमिली डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांग, कुठला जंतू ते चिठ्ठीवर लिहून ने. सुईवर रक्ताचा संबंध होता का तेही सांग, असेल तर सरकारी हॉस्पिटलात एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, करून घे. इतर वाचकांसाठी सांगते, सुई लागली की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, आणि रक्ताची सुई असेल तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जमल्यास दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं.

अर्जाची एक कॉपी स्वतःच्या घरी ठेव, पाठवलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट पण. कमिटीकडून पंधरा दिवसांत काही आलं नाही तर मला परत लिही, मी तुला कलेक्टर ऑफिसच्या अर्जाचा मसुदा करून देते, सेक्रेटरी साहेबांना वर सांगितला तोच पत्ता.